ठिपके मोजू नका, नीट बघा: ढालकिड्याच्या अंगावरच्या खुणा काय सांगतात

लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा तो गोलसर किडा हातावर येऊन बसला की लहान मूल हमखास ठिपके मोजू लागतं. "सात! म्हणजे हा सात वर्षांचा." कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की जितके ठिपके तितकी वर्षं. मोबाइलवर फिरणाऱ्या 'तुम्हाला माहीत आहे का' छापाच्या निरोपांतही हे वाक्य वर्षानुवर्षं तग धरून आहे. ऐकायला गोड आहे, लक्षात राहायला सोपं आहे आणि साफ चुकीचं आहे.

खरं सांगायचं तर ठिपक्यांची संख्या ही त्या पाठीवरची सगळ्यात कमी कामाची माहिती. तिथे दुसरं बरंच काही लिहिलेलं आहे. अळीपणी काय खाल्लं, कोषात असताना हवा गार होती की उबदार, आईबापांकडून कोणता नमुना आला, चावून पाहणाऱ्याची काय गत होईल, हे सगळं. फक्त ते वाचण्यासाठी मोजणी सोडून नजर दुसरीकडे वळवावी लागते.

## आधी हा किडा कोण ते पाहू

इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव लेडीबर्ड किंवा लेडीबग. शेतीच्या मराठीत त्याला ढालकिडा म्हणतात आणि मला हेच नाव आवडतं, कारण पाठीवर उपडी ठेवलेली ढाल हेच त्याचं रूप आहे. जगभरात ढालकिड्यांच्या सुमारे ६,००० जाती आहेत. म्हणजे 'ढालकिडा' हे एका किड्याचं नाव नसून एका मोठ्या कुळाचं आहे. त्यात लाल आहेत, पिवळे आहेत, तपकिरी आहेत, काळेभोर आहेत. ठिपक्यांचे आहेत, पट्ट्यांचे आहेत, नागमोडी रेघांचे आहेत आणि एकही ठिपका नसलेलेही आहेत.

त्याची जी पाठ आपल्याला दिसते ती खरं तर पाठ नव्हे, ते पंख आहेत. ढालकिडा हा भुंगेऱ्यांपैकीच एक, आणि भुंगेऱ्यांच्या पुढच्या दोन पंखांचं कठीण कवच झालेलं असतं. उडण्याचे खरे पंख, पातळ आणि पारदर्शक, त्या कवचाखाली घडी करून ठेवलेले असतात. उडायच्या वेळी कवचाच्या दोन्ही झडपा उघडतात, आतले पंख उलगडतात, आणि उतरल्यावर घडी पुन्हा आत जाते. ठिपके असतात ते या झडपांवर. सात ठिपक्यांच्या प्रसिद्ध ढालकिड्यावर प्रत्येक झडपेवर तीन असतात आणि सातवा असतो बरोबर सांध्यावर, अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे. तो उडाला की सातव्याचे दोन तुकडे होतात, बसला की पुन्हा एक.

डोकं आणि पंख यांच्या मधे आणखी एक छोटी पाटी असते. तिला शास्त्रात प्रोनोटम म्हणतात, आपण 'खांदा' म्हणू. ठिपके मोजणाऱ्याची नजर तिच्यावर पडतच नाही. पुढे ओळख पटवताना हाच खांदा कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

## ठिपके म्हणजे वय, हे का चुकीचं?

फुलपाखरासारखंच ढालकिड्याचं आयुष्य चार टप्प्यांचं असतं: अंडं, अळी, कोष आणि पूर्ण वाढलेला किडा. अळी लांबट, काळपट, चपळ असते. तिच्यात आणि तिच्या आईत काही नातं असेल असं पाहणाऱ्याला वाटणारही नाही. ती खाते, फुगते, कात टाकते, पुन्हा खाते. वाढ काय होते ती याच टप्प्यात. मग ती पानाला चिकटते, तिचा कोष होतो आणि साधारण आठवडाभरात त्यातून किडा बाहेर पडतो. त्यानंतर त्याची वाढ होत नाही. तो कात टाकत नाही, आकाराने मोठा होत नाही, आणि कवचावर नवा ठिपका उमटायला काही वावही उरत नाही.

कोषातून नुकता बाहेर आलेला ढालकिडा पाहणं हा विलक्षण अनुभव असतो. तो मऊ, ओलसर, फिकट पिवळा असतो आणि त्याच्यावर एकही ठिपका नसतो. तो तसाच निश्चल बसून राहतो. काही तासांत त्या पिवळ्या कवचावर राखाडी सावल्या दिसू लागतात, मग त्या गडद होतात आणि त्यांच्या कडा स्पष्ट होतात. जुन्या काळी अंधाऱ्या खोलीत रसायनाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर फोटो हळूहळू उमटायचा, अगदी तसं. फोटोत काय येणार हे बटण दाबलं तेव्हाच ठरलेलं असतं, दिसायला तेवढा वेळ लागतो. ठिपक्यांचंही तसंच, त्यांचा आराखडा कोषातच ठरून गेलेला असतो.

आणि हिशेबही जुळत नाही. बहुतेक ढालकिडे जेमतेम वर्षभर जगतात. ज्याच्या पाठीवर बावीस ठिपके असतात असा एक छोटा पिवळा ढालकिडा युरोपात आढळतो. तो बावीस वर्षांचा नसतो. जन्मापासून बावीस ठिपक्यांचा असतो.

## पण लहान आणि मोठे ढालकिडे तर दिसतात!

ही शंका रास्त आहे. दोन मिलिमीटरचा एक दिसतो, आठ मिलिमीटरचा दुसरा दिसतो, मग छोटा हे पिल्लू नाही का? नाही. कोषातून बाहेर पडलेला ढालकिडा हा आपल्या मापाने पूर्ण वाढलेलाच असतो. छोटा दिसतो तो बहुतेक वेळा वेगळ्या जातीचा असतो. एकाच जातीत थोडा फरक दिसला, तर त्याचं कारण अळीपणी मिळालेलं कमीजास्त खाणं.

मात्र वयाचा थोडासा अंदाज एका गोष्टीवरून बांधता येतो, आणि ती म्हणजे लाल रंगाची छटा. सात ठिपक्यांच्या ढालकिड्यात ठिपके पहिल्याच दिवशी पक्के होतात, पण लाल रंग पुढे आठवडे, महिने मुरत जातो. कोवळा किडा केशरीकडे झुकलेला असतो, जुना गडद लाल होतो. म्हणजे लोकांनी पाठीवर वय शोधलं यात चूक नव्हती. त्यांनी ते काळ्यात शोधलं, आणि त्याचा पुसटसा माग होता तांबड्यात.

## लाल कुठून येतो, काळा कुठून येतो?

पाठीवर दोन रंगद्रव्यं असतात आणि दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. काळा रंग मेलॅनिनचा. आपल्या केसांचा आणि त्वचेचा काळेपणा ज्या गटातल्या द्रव्यामुळे येतो, त्याच गटातलं हे द्रव्य. ते किडा स्वतः तयार करतो. लाल, केशरी, पिवळा हे रंग कॅरोटिनॉइड्सचे. गाजराला रंग देणारी द्रव्यं ती हीच.

कॅरोटिनॉइड्स बहुतेक प्राण्यांना स्वतः बनवता येत नाहीत, ती खाण्यातून मिळवावी लागतात. पुष्कळ ढालकिड्यांचं मुख्य खाणं म्हणजे मावा, कोवळ्या शेंड्यांवर दाटीवाटीने बसून रस शोषणारे ते बारीक मऊ कीटक. आणि इथे गोष्टीला एक वळण आहे. २०१० साली असं उघड झालं की वाटाण्यावरच्या माव्याकडे कॅरोटिनॉइड्स बनवण्याची स्वतःची जनुकं आहेत, आणि ती मुळात बुरशीची आहेत. उत्क्रांतीच्या ओघात कधीतरी बुरशीची जनुकं माव्याच्या पूर्वजांत शिरली आणि तिथेच राहिली. प्राण्यांमध्ये असं काही असेल याची कुणी कल्पनाही केली नव्हती.

खाण्यावर रंग अवलंबून असल्यामुळे उपासमार रंगात दिसते. सात ठिपक्यांच्या ढालकिड्यांवर ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात भरपूर खायला मिळालेल्यांच्या पंखांत कॅरोटिनॉइड्स जास्त आढळली.

## एवढा भडक रंग कुणासाठी?

किडे सहसा लपतात. काटकीसारखे दिसतात, पानासारखे दिसतात, मातीत मिसळून जातात. ढालकिडा मात्र हिरव्या पानावर लाल-काळा होऊन बसतो. हिरव्यावर लाल उठून दिसतं आणि लालवर काळं. दुरूनही नजरेतून सुटणार नाही असा हा मेळ आहे.

ही जाहिरात आहे, पण 'माझ्याकडे या' अशी नाही, 'माझ्या वाटेला जाऊ नका' अशी. याला धोक्याची रंगसूचना म्हणू. विजेच्या खांबावरची लाल पाटी आपण रोज वाचत नाही, तिचा रंग आणि आकार दिसताच हात आखडतो. पक्ष्याच्या बाबतीत तेच घडतं. कोवळा, अननुभवी पक्षी एखादा ढालकिडा चोचीत धरतो. किड्याच्या पायांच्या गुडघ्यांसारख्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा, जहाल कडू द्रव पाझरतो. हे त्याचं रक्तच असतं, आणि त्यात कॉक्सिनेलिनसारखी विषारी द्रव्यं असतात. पक्षी थुंकून टाकतो. पुढच्या वेळी तो लाल-काळा ठिपका दिसला की त्याला ती कडू चव आठवते.

इथे ठिपक्यांचं खरं काम स्पष्ट होतं. सातच का, पाच का नाहीत, याला पक्ष्याच्या लेखी काही किंमत नाही. तो मोजत नाही. त्याला हवी असते ती ठळक, पटकन लक्षात राहणारी, दुसऱ्या कशाशी गल्लत न होणारी खूण. ठिपका तेवढं काम करतो. पट्टा केला असता तर तोही चालला असता, आणि काही जातींनी पट्टेच पत्करले आहेत.

हे विष सगळ्यांकडे सारखं नसतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्लू टिट या छोट्या युरोपीय पक्ष्याच्या पिल्लांना ढालकिडे खायला दिले. सात ठिपक्यांचे खाणाऱ्या पिल्लांवर घातक परिणाम झाला, दोन ठिपक्यांचे खाणाऱ्यांना काही झालं नाही. पुढे २०१५ मध्ये एक्सेटर आणि केंब्रिज विद्यापीठांतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जाती तपासल्या, तेव्हा जी जात आजूबाजूच्या पानांवर जास्त उठून दिसते ती जास्त विषारी असं आढळलं, आणि पक्ष्यांचे हल्लेही तिच्यावर कमी होत होते. म्हणजे जाहिरात बऱ्यापैकी प्रामाणिक आहे.

## पण पक्षी त्यांना खातातच की!

खातात. हवेतल्या हवेत किडे टिपणाऱ्या पाकोळ्यांच्या आणि भिंगऱ्यांच्या पोटात ढालकिडे सापडतात. उडत्या किड्याची पाठ न्याहाळायला त्या पक्ष्यांना उसंत नसते. कोळी खातात, आणि ढालकिडे एकमेकांची अंडीही खातात. धोक्याची पाटी लावली म्हणून अपघात शून्यावर येत नाहीत, कमी होतात. हल्ल्यांपैकी थोडे जरी टळले तरी हजारो पिढ्यांत त्या रंगाचं पारडं जड होत जातं.

मुंग्यांचा प्रश्न वेगळाच. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्यांना तो हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि मावा खायला आलेल्या ढालकिड्यावर तुटून पडतात. मुंगीला लाल रंगाचं सोयरसुतक नाही. तिच्यासमोर कामाला येते ती ढाल. किडा पाय आणि डोकं आत ओढून पानाला घट्ट चिकटतो, आणि त्या गुळगुळीत घुमटावर मुंगीच्या जबड्याला पकड मिळत नाही. एकाच अंगावर वेगवेगळ्या शत्रूंसाठी वेगवेगळी हत्यारं, हे मला ठिपक्यांइतकंच थक्क करतं.

आणि माणसाचं काय? हातावर पिवळा डाग पडतो, वास येतो, धुतला की जातो. फार तर क्वचित कुणाला ॲलर्जी होते. एक उद्योग मात्र या वासाने खरोखर त्रस्त झाला. २००१ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ भागात द्राक्षांबरोबर पुष्कळ ढालकिडे चिरडले गेले आणि वाइनला विचित्र वास लागला. त्याचं मूळ या किड्यांच्या रक्तातली पायराझिन नावाची द्रव्यं. अत्यल्प प्रमाणातही ती नाकाला जाणवतात.

## नक्कल करणारेही आहेत

एखादी पाटी लोकांना घाबरवते हे कळलं की दुसराही ती आपल्या दारावर लावतो. आशिया आणि आफ्रिकेत पॅराप्लेक्टाना नावाचे कोळी आहेत, त्यांचं पोट गोल, चकचकीत, लालकेशरी आणि काळ्या ठिपक्यांचं असतं. फिलिपिन्समध्ये प्रोसोप्लेक्टा नावाचं झुरळ आहे. झुरळ म्हणजे चपटं आणि लांबट. पण हे गोल झालंय, लाल झालंय आणि ठिपकेही ल्यालंय. त्या गोल कवचाखाली लांब पंख मावेनात, म्हणून त्याचे मागचे पंख गुंडाळी करून आत बसवलेले असतात. एका रंगसूचनेचा दबदबा किती, हे समजायला हे एक झुरळ पुरेसं आहे.

## एकाच जातीत इतकी रूपं कशी?

आता सगळ्यात गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग. पूर्व आशियातला हार्लेक्विन ढालकिडा, शास्त्रीय नाव हार्मोनिया ॲक्सिरिडिस, याच्या एकाच जातीत २०० हून अधिक रूपं नोंदलेली आहेत. एक केशरी आणि एकोणीस काळ्या ठिपक्यांचा. दुसरा केशरीच, पण ठिपकाच नाही. तिसरा काळाभोर आणि त्यावर दोन लाल डाग. चौथा काळा, चार लाल डाग. शेजारी ठेवले तर कुणीही चार जाती म्हणेल. पण ते आपसात जोड्या जमवतात आणि त्यांना पिल्लं होतात, म्हणजे जात एकच.

हे कोडं शंभर वर्षांपासून लोकांना खुणावतंय. विसाव्या शतकातले थोर जनुकशास्त्रज्ञ थिओडोसियस डोबझान्स्की यांनी तरुणपणी, १९२४ मध्ये, या किड्यांतल्या भौगोलिक फरकांवर लिहिलं होतं. त्यांचे विद्यार्थी, चिनी शास्त्रज्ञ तान च्या-चेन, यांनी १९४६ मध्ये वारशाचा नियम मांडला. तो असा समजून घ्या. दोन पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद घ्या, प्रत्येकावर काळ्या रंगाने वेगळा नमुना काढा आणि एकावर एक ठेवा. जिथे वरचा काळा तिथे काळं दिसेल, जिथे खालचा काळा तिथेही काळंच दिसेल. लाल फक्त तिथे दिसेल जिथे दोन्ही कागद कोरे आहेत. आईकडून एक कागद, बापाकडून एक, आणि पिल्लाच्या पाठीवर दोन्हींची बेरीज. मूठभर मूळ नमुने असले तरी जोड्या लावत गेलं की रूपांची रांग लागते.

पण हे 'कागद' किड्याच्या आत नेमके कुठे आहेत? उत्तर मिळायला २०१८ साल उजाडलं. फ्रान्समधल्या आणि जपानमधल्या संशोधकांचे दोन गट आपापल्या वाटेने एकाच जनुकापाशी पोहोचले. त्याचं नाव पॅनियर. फळमाशीत ते आधीपासून ओळखीचं होतं. कोषाच्या आत, पंख घडत असताना, ज्या जागी पॅनियर चालू होतं त्या जागी काळं द्रव्य साचतं आणि लाल अडतं. जिथे ते बंद, तिथे लाल. प्रयोगात ते जनुक निष्क्रिय केलं तेव्हा काळा नमुना गळून पडला. सात ठिपक्यांच्या ढालकिड्यातही तेच झालं.

मग रूपं वेगळी का? जनुकाचा मजकूर सगळ्यांत जवळपास सारखाच असतो, वेगळी असते ती ते कुठे चालू करायचं हे सांगणारी शेजारची यंत्रणा. घरोघरी दिवा एकच असावा, पण वायरिंग वेगळं असावं. एकाकडे बटण दाबलं की अंगण उजळतं, दुसऱ्याकडे माजघर. हार्लेक्विनमध्ये या वायरिंगचे तुकडे उत्क्रांतीच्या काळात पुन्हा पुन्हा उलटे जोडले गेले आणि प्रत्येक उलथापालथीतून पाठीवरचं चित्र बदललं.

## सगळं जनुकांवरच ठरतं का?

नाही. हवामानाचाही हात असतो. याच हार्लेक्विनच्या केशरी रूपात कोषाचा काळ थंडीत गेला तर ठिपके मोठे होतात, कधी एकमेकांना भिडतात. उबदार हवेत कोष गेला तर ठिपके आक्रसतात. जनुकं ठिपक्यांच्या जागा ठरवतात, तापमान त्यांचं माप. त्यामुळे एकाच आईची उन्हाळ्यातली आणि थंडीतली पोरं सारखी दिसतीलच असं नाही.

याचं कारण आपण सगळे जाणतो. उन्हात काळा शर्ट घातला की अंग पांढऱ्यापेक्षा लवकर तापतं. किड्यांचं रक्त स्वतःहून गरम राहत नाही, सकाळी अंग तापल्याशिवाय त्यांची हालचाल सुरू होत नाही. गार प्रदेशात काळा किडा लवकर जागा होतो, लवकर खायला लागतो आणि लवकर जोडीदार शोधतो. गरम प्रदेशात तोच काळेपणा अंगाशी येतो.

नेदरलँड्समध्ये दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यावर हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. या जातीत लालावर काळे ठिपके आणि काळ्यावर लाल ठिपके अशी दोन्ही रूपं एकत्र नांदतात. १९८० च्या सुमारास किनाऱ्याजवळ काळे थोडे होते, देशाच्या आतल्या भागात पुष्कळ. पुढच्या पाव शतकात हवा उबदार होत गेली आणि आतल्या भागातलेही काळे कमी होत गेले. वितळत्या हिमनद्या पाहायला ध्रुवाकडे नाहीतर उंच पर्वतांत जावं लागतं. हा बदल मात्र एका किड्याच्या पाठीवर, अर्ध्या सेंटिमीटरच्या जागेत घडत होता.

## मग नावांत आकडे का?

कारण आपल्याला मोजायला आवडतं. सजीवांना नावं देण्याची आजची पद्धत घालून देणाऱ्या कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये सात ठिपक्यांच्या ढालकिड्याचं नाव 'सेप्टेम्पंक्टाटा' ठेवलं, अर्थ अगदी तोच, सात ठिपक्यांचा. मग दोनाचा, पाचाचा, दहाचा, चौदाचा, बावीसचा, चोवीसचा अशी नावांची रांगच लागली. 'लेडी' या शब्दातही आकडा लपलेला आहे. मध्ययुगीन युरोपात हा किडा येशूची आई मेरी हिचा मानला गेला. लाल पाठ म्हणजे तिचा झगा आणि सात ठिपके म्हणजे तिची सात दुःखं, सात आनंद.

सातवाल्याला हे नाव शोभतं, कारण त्याचे ठिपके फारसे बदलत नाहीत. पण दहा ठिपक्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या ढालकिड्यावर एकही नसतो ते पंधरा असतात, असं काहीही दिसू शकतं. आशियाच्या बऱ्याच भागांत आढळणाऱ्या एका जातीच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'सहा डागांचा', पण तिच्या पाठीवर बहुधा दिसतात त्या नागमोडी काळ्या रेघा. चौदा ठिपक्यांच्या पिवळ्या ढालकिड्याचे ठिपके चौकोनी असतात आणि ते एकमेकांत इतके मिसळतात की मोजायचं काय हाच प्रश्न पडतो. नावातला आकडा म्हणजे माणसाचं आडनाव समजा. त्यावरून धंदा ओळखायला गेलं तर फसगत होते.

## ठिपके जास्त असले की तो पिकाचा शत्रू, हे खरं का?

हा प्रश्न शेती आणि बागकाम करणारे खूपदा विचारतात, आणि त्याला आधार आहे. बहुतेक ढालकिडे मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड असल्यांना खातात, म्हणून ते पिकाचे मित्र. काही बुरशी खातात. आधी सांगितलेला बावीस ठिपक्यांचा पानांवरच्या भुरीवर जगतो. पण एक छोटा गट शाकाहारी आहे. त्यातला अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा वांगी आणि बटाट्याची पानं खरवडून जाळीसारखी करून टाकतो.

म्हणून 'सात म्हणजे मित्र, अठ्ठावीस म्हणजे शत्रू' असं सूत्र पसरलं. त्या दोन जातींपुरतं ते चालेल, पुढे नाही. एकोणीस ठिपक्यांचा हार्लेक्विन माव्याचा कर्दनकाळ आहे. आकड्यापेक्षा चकाकी पाहा. मित्र गटातले ढालकिडे बहुधा गुळगुळीत आणि चकचकीत असतात. पानं खाणाऱ्यांच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे ती मंद, धूळ बसल्यासारखी दिसते. लव काही छोट्या मित्र जातींवरही असते, तेव्हा शेवटचा निकाल पानावर. पान चाळणीसारखं झालंय आणि मावा कुठेच नाही, तर खाणारा कोण ते कळलंच. आणि फवारणी करण्याआधी अळीही ओळखा. मावा खाणारी अळी काळपट-राखाडी, केशरी डागांची असते, पानं खाणारी पिवळट आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची. या गोंधळात कित्येकदा मित्राचीच अळी मारली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

## मग ओळखायचं कसं?

आता तो खांदा आठवा. पंखांवरचे ठिपके बदलतात, खांद्यावरची खूण त्यामानाने टिकून असते. अमेरिकेतल्या एका जातीच्या पंखांवर बारा-तेरा ठिपके असतील किंवा एकही नसेल, पण काळ्या खांद्यावर एकमेकींकडे झुकणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा दिसल्या की ओळख पटते. केशरी हार्लेक्विनच्या पांढरट खांद्यावर इंग्रजी एम अक्षरासारखी काळी खूण असते. सातवाल्याचा खांदा काळा आणि पुढच्या दोन कोपऱ्यांत पांढरे चौकोनी डाग.

अशा बारकाव्यांना किंमत आहे. उत्तर अमेरिकेतला नऊ ठिपक्यांचा ढालकिडा एकेकाळी तिथे इतका सर्रास होता की १९८९ मध्ये न्यू यॉर्क राज्याने त्याला आपला राज्यकीटक ठरवलं. पण तोपर्यंत तो त्या राज्यातून दिसेनासा झाला होता. पुढे कॉर्नेल विद्यापीठाने सामान्य लोकांना ढालकिड्यांचे फोटो पाठवण्याचं आवाहन केलं, मुलांनी, शेतकऱ्यांनी, बागेत फिरणाऱ्यांनी हजारो फोटो पाठवले, आणि २०११ मध्ये लाँग आयलंडवर तो पुन्हा सापडला.

तुम्हालाही फोटो काढायचा असेल तर एक बरोबर वरून काढा, पूर्ण पाठ दिसेल असा, आणि एक समोरून, खांदा आणि डोकं स्पष्ट येईल असा. शक्य असेल तर एक पोटाकडून, कारण पायांचा आणि पोटाचा रंगही कामाला येतो. तो कोणत्या झाडावर होता आणि तिथे मावा होता का, हे टिपून ठेवा. कडक उन्हात चकचकीत पाठीवर उजेडाचा एक पांढरा गोळा उमटतो आणि तोच कुणीतरी ठिपका म्हणून मोजतं, म्हणून हाताची सावली धरा. आणि फिकट पिवळा, ठिपके नसलेला, हलायला तयार नसलेला ढालकिडा एखाद्या रिकाम्या कोषाच्या शेजारी दिसला, तर त्याला तिथेच राहू द्या. दुपारनंतर पुन्हा जाऊन बघा.